ॲम्बेसेडरच्या चेंबरची तेलगळती : दुरुस्तीच्या नोंदी

गाडी : हिंदुस्तान ॲम्बेसेडर मार्क टू, १९७२ चे मॉडेल. इंजिन : बीएमसीच्या बी-सिरीजचे, १४८९ सीसी, चार सिलिंडर. जागा : विलेपार्ले पूर्व, सोसायटीचे आवार.

५ जानेवारी २०२५, रविवार

पावसाळा संपल्यापासून गाडीखालचा तेलाचा डाग वाढत चालला आहे. आधी रात्रभरात रुपयाएवढा डाग पडत असे, आता तो बशीएवढा होतो, आणि आवारात नव्याने बसवलेले पेव्हर ब्लॉक त्याने काळे होऊ लागले आहेत. तेलपट्टीवरची पातळीही दर आठवड्याला खाली जाते. इंजिनमध्ये आवाज नाही, धूर नाही, तेलाचा दाब नेहमीसारखा आहे. म्हणजे तेल जळत नाही, गळतेच आहे, एवढे निश्चित.

या इंजिनाची तेलगळती ही सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केलेली गोष्ट आहे. ‘ॲम्बेसेडर आहे, गळणारच,’ असे अनुभवी मिस्त्रीसुद्धा म्हणतात आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याच्या, कडेला बाहेरून सिलिकॉन फासून गाडी परत देतात. मला हे पटत नाही. इंजिनात एक जागा अशी जरूर आहे, की जिथून थोडे तेल झिरपणे तिच्या रचनेतच आहे. परंतु चेंबरचे पॅकिंग, म्हणजे चेंबर आणि इंजिन यांच्या सांध्यातली मऊ पट्टी, ही ती जागा नव्हे. पत्रा सपाट असेल, पॅकिंग योग्य असेल आणि बोल्ट बेताने आवळलेले असतील, तर ते कोरडे राहिलेच पाहिजे.

आज फक्त साफसफाई केली. इंजिनाची डावी-उजवी बाजू, चेंबर, बेल हाउसिंग (इंजिनामागचे क्लचचे आवरण) आणि खालचा आडवा सांगाडा रॉकेल व ताठ ब्रशने धुऊन काढला, मग साबणाच्या पाण्याने, आणि शेवटी कॉम्प्रेसरच्या हवेने सुकवला. डायनामो व डिस्ट्रिब्युटर प्लास्टिकच्या पिशवीने झाकून घेतले होते. कित्येक वर्षांचा चिखल आणि तेल मिळून झालेला थर निघाल्यावर खालचा मूळ रंग दिसला. गळती शोधण्याच्या कामात हा भाग सर्वांत कंटाळवाणा असतो आणि तो टाळण्याचा मोह होतो, परंतु माखलेल्या इंजिनावर उगम शोधणे शक्यच नसते.

११ जानेवारी, शनिवार

धुतलेल्या भागावर, विशेषतः चेंबरच्या चारही कडांवर आणि त्यांच्या वरच्या भागावर, संगजिऱ्याची भुकटी भुरभुरली. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेने बोरिवलीपर्यंत जाऊन परत आलो. येताना गर्दीत इंजिन बराच वेळ मंद गतीवर चालले, ते एका अर्थाने बरेच झाले, कारण तेल पूर्ण तापून पातळ झाल्यावरच गळती खरे रूप दाखवते.

परत आल्यावर विजेरी आणि छोटा आरसा घेऊन गाडीखाली गेलो. पांढऱ्या भुकटीवर ओल्या तेलाच्या रेषा स्वच्छ उमटल्या होत्या. येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे : थेंब जिथून पडतो ती जागा गळतीची असतेच असे नाही. तेल गुरुत्वाकर्षणाने खाली येते आणि गाडी धावत असताना समोरच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, त्यामुळे इंजिनाच्या पुढच्या भागातून निघालेले तेलसुद्धा चेंबरच्या मागच्या कोपऱ्यातून ठिबकते. म्हणून थेंबापासून सुरुवात करून भुकटीवरची ओली रेषा वर आणि पुढे, कोरडा भाग लागेपर्यंत शोधत जायची.

अशा तीन वाटा सापडल्या. पहिली डाव्या बाजूला मॅनिफोल्डच्या खाली सुरू होते. तिथे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटच्या कप्प्यावर पत्र्याची दोन झाकणे आहेत, त्यांपैकी मागच्या झाकणाच्या खालच्या कडेतून तेल येते आणि चेंबरच्या कडेवरून मागे वाहते. दुसरी वाट खुद्द चेंबरच्या पॅकिंगची आहे, उजव्या बाजूला मधल्या भागात आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत. तिसरी बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकातून येणाऱ्या एखाद्या थेंबाची. गॅरेजमध्ये या तिन्हींना मिळून ‘चेंबर लीक’ म्हटले जाते आणि केवळ चेंबरचे पॅकिंग बदलले जाते. पहिली वाट तशीच राहिल्यामुळे महिनाभरात तक्रार परत येते, आणि दोष मात्र पॅकिंगला लागतो.

१२ जानेवारी, रविवार

वरून खाली, या क्रमाने काम करायचे ठरवले. वरची गळती बंद केल्याशिवाय खालची किती आहे हे कळणार नाही.

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड उतरवल्यावर टॅपेटची दोन्ही झाकणे मोकळी झाली. प्रत्येक झाकण मध्यभागी एकाच बोल्टने धरलेले असते आणि तेथेच त्याचे दुखणे आहे. गळती दिसली की कोणीतरी तो बोल्ट आणखी आवळतो, मऊ पत्रा मध्यभागी आत दबतो, कडा बाहेरच्या बाजूला उचलल्या जातात आणि गळती वाढते. मग आणखी आवळले जाते. मागचे झाकण काचेवर पालथे ठेवून पाहिले, तर दोन्ही टोकांना काच आणि पत्रा यांच्यामधून पोस्टकार्ड सहज सरकत होते. लाकडी ठोकळ्यावर ठेवून मोगरीने हलके ठोकत ते सरळ केले. नवे कॉर्कचे पॅकिंग झाकणाच्या बाजूला चिकटवले, इंजिनाच्या बाजूला ग्रीसचा पातळ हात दिला, बोल्टखालचा फायबरचा वॉशर बदलला. या बोल्टला केवळ २ पाउंड-फूट एवढाच टॉर्क (आवळण्याचा जोर) सांगितलेला आहे. म्हणजे छोटा पाना दोन बोटांत धरून जेवढे आवळता येईल तेवढाच.

पुढच्या झाकणावर इंजिनाची ब्रीदर नळी आहे. ती काढून पाहिली, तर आतून काळ्या घट्ट थराने निम्म्याहून अधिक बुजलेली होती. ही बाब छोटी दिसते, पण आहे महत्त्वाची. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतच असतो. त्याला बाहेर पडायला वाट नसेल, तर आतला दाब वाढतो आणि तो तेलाला प्रत्येक सांध्यातून बाहेर रेटतो. अशा इंजिनाला कितीही उत्तम पॅकिंग बसवले, तरी ते टिकणार नाही. नळी रॉकेलमध्ये भिजत घालून तारेच्या ब्रशने साफ केली.

१८ जानेवारी, शनिवार

पुन्हा भुकटी, पुन्हा फेरी. डावी बाजू आता वरपासून कोरडी आहे. गाडीखाली रात्रभर ठेवलेल्या पुठ्ठ्यावरचा डाग स्पष्टपणे लहान झाला आहे. उरलेली गळती चेंबरच्या कडेची आहे, याबद्दल आता शंका नाही. उद्या चेंबर उतरवायचा.

१९ जानेवारी, रविवार

इंजिन गरम करून तेल काढले. गरम तेलाबरोबर तळाचा गाळही बऱ्यापैकी निघून येतो. बॅटरीची अर्थ तार सोडवली, गाडीचा पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या, मागच्या चाकांना अडसर लावले. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे कोणत्याही घाईत क्षम्य नाही.

चेंबरचे बोल्ट पाव इंचाचे, यूएनएफ (बारीक इंची) आट्यांचे आहेत आणि त्यांना ७/१६ चा पाना लागतो. ११ मिलिमीटरचा पाना घट्ट होतो आणि १२ चा सैल, त्यामुळे मेट्रिक पान्यांनी काम करणाऱ्यांनी यातील काही बोल्टांची डोकी गोल करून ठेवली होती. ती धरण्यासाठी ग्रिप प्लायर वापरावा लागला. सगळे बोल्ट निघाल्यावरही चेंबर जागचा हलला नाही, कारण मागच्या दुरुस्तीत लावलेल्या सिलिकॉनने तो इंजिनाला डकवून टाकलेला होता. अशा वेळी फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटले, की कडेला कायमची खोच पडते. मी जुन्या हॅकसॉ ब्लेडचा पातळ तुकडा घासून धार केला, तो फटीतून हळूहळू फिरवला, आणि मग रबरी हातोडीने बाजूने ठोके दिले. चेंबर सुटला. आतली तेलाच्या पंपाची जाळी आडवी येते म्हणून तो तिरका करून खाली घेतला.

आत जे दिसले ते तपशिलाने नोंदवून ठेवतो. तळाशी काळा मऊ गाळ होता, पण बोटांवर चोळून उन्हात धरल्यावर त्यात धातूची चमक दिसली नाही. म्हणजे बेअरिंग शाबूत आहेत, आणि या एका गोष्टीने मोठा दिलासा मिळाला. काळजी करावी असे मात्र जाळीवर होते : बोटाच्या पेराएवढाले सिलिकॉनचे निळसर तुकडे आणि धागे जाळीला चिकटून बसले होते. पॅकिंगवर भरपूर सिलिकॉन पिळले, की चेंबर आवळताना जेवढे बाहेर येते तेवढेच आतही येते. बाहेरचे पुसले जाते, आतले मात्र तेलात लोंबकळत राहते आणि एक दिवस तुटून जाळीवर जाते. जाळी बुजली की पंपाला तेल मिळत नाही आणि मेन बेअरिंग, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला धरणारी बेअरिंग, काही मिनिटांत जातात. थेंबाथेंबाची गळती थांबवण्यासाठी इंजिनाचे प्राणच धोक्यात घालणारी ही पद्धत आहे, आणि ती आपल्याकडे सर्रास वापरली जाते याचे मला मनापासून दुःख होते.

जाळी उतरवून धुतली. काढलेले तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून वेगळे ठेवले. वापरलेले इंजिन ऑइल नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात ओतले तर मुंबईत शेवटी खाडीला आणि समुद्राला जाऊन मिळते, म्हणून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे.

२३ जानेवारी, गुरुवार

चेंबर आतून-बाहेरून स्वच्छ झाल्यावर रॉकेलची चाचणी घेतली. खडूची पूड पाण्यात कालवून बाहेरून पातळ लेप दिला, वाळू दिला, चेंबर चार विटांवर सपाट ठेवून आत रॉकेल भरले आणि रात्रभर तसाच ठेवला. रॉकेल तेलापेक्षा फार पातळ असल्यामुळे केसाएवढ्या भेगेतूनही बाहेर येते आणि खडूवर करडा डाग उमटवते. सकाळी ड्रेन प्लगच्या बुचाभोवती, जिथे जाड धातूची कडी पत्र्याला डाक देऊन बसवलेली आहे, तिथे चंद्रकोरीच्या आकाराचा ओला डाग दिसला. उरलेला चेंबर कोरडा होता.

या भेगेचे कारण तळाच्या पोचामध्ये आहे. केव्हातरी एखाद्या उंच गतिरोधकावर चेंबर घासला आहे, पत्रा आत दबला आहे आणि त्या ताणाने डाक सुटली आहे. ही गळती धावत्या गाडीत पॅकिंगच्या गळतीत मिसळून जात असे. चाचणी केली नसती, तर सगळे बसवून झाल्यावर ती पुन्हा दिसली असती.

२५ जानेवारी, शनिवार

साकीनाक्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये गॅसवर पितळेची डाक देणारे एक वयस्क कारागीर आहेत. त्यांनी आधी आतून ठोकळा लावून पोच काढला, मग भेगेभोवतीचा भाग पांढरा होईपर्यंत घासला. ‘साहेब, यात तेलाचा एक थेंब जरी राहिला ना, तरी डाक धरणार नाही. घाई करू नका,’ असे म्हणून त्यांनी तो भाग आचेवर दोनदा नुसताच तापवून पुसून घेतला. पत्र्यात मुरलेले तेल त्या वेळी काळसर घामासारखे वर आले. तिसऱ्या खेपेला सुहागा लावून पितळ वाहवले. पितळ भेगेत शिरताना तांबूस पत्र्यावर क्षणभर सोनेरी रेषा चमकली आणि कडीभोवती फिरून पूर्ण झाली. ड्रेन प्लगचे आटेही त्यांच्याकडूनच साफ करून घेतले. घरी येऊन रॉकेलची चाचणी पुन्हा घेतली. सकाळपर्यंत खडू पांढराच होता.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी नागदेवी स्ट्रीटला गेलो. पॅकिंगच्या दुकानांत ॲम्बेसेडरचा तयार संच अजूनही मिळतो, पण जुन्या साठ्यातले कॉर्क हातात घेऊन वाकवून पाहणे आवश्यक असते. वर्षानुवर्षे पडून राहिलेले कॉर्क सुकते, आखडते आणि त्याची भोके बोल्टांच्या भोकांशी जुळत नाहीत. पहिल्या दोन दुकानांतले संच वाकवताच कडेला तडकले. तिसऱ्या दुकानात नायट्रिल रबर मिसळलेल्या कॉर्कचा संच मिळाला. तो लवचिक असतो, सुकत नाही आणि तेलाने फुगून विरघळतही नाही. मेन बेअरिंगच्या पुढच्या व मागच्या टोपीखाली बसणाऱ्या दोन अर्धगोल पट्ट्या संचात आहेत ना, हे तपासून घेतले, कारण त्या वगळलेले संचही विकले जातात.

दुपारी चेंबरची कड सरळ करायला घेतली. या सबंध दुरुस्तीचे मर्म मला येथे दिसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. चेंबर पातळ दाबीव पत्र्याचा असतो. बोल्ट जास्त आवळला की भोकाभोवतीचा पत्रा वर, म्हणजे इंजिनाच्या दिशेने, फुगतो. पॅकिंग बोल्टाखाली चेपून पातळ होते आणि दोन बोल्टांच्या मधल्या भागात पत्रा त्याला टेकतच नाही. तेल त्या मधल्या भागातून येते. पाहणाऱ्याला वाटते बोल्ट सैल आहेत, आणि तो आणखी आवळतो. माझ्या चेंबरच्या कडेवर पोलादी पट्टी उभी धरून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घातला, तेव्हा उजव्या बाजूला मधोमध जवळजवळ एक मिलिमीटरची फट निघाली. गळतीची ओली रेषा नेमकी तेथेच होती.

प्रत्येक भोकाभोवतीचा उंचवटा, खाली लोखंडी ठोकळा धरून, गोल डोक्याच्या हातोडीने हलकेच खाली बसवला. एका जागी जोरात ठोकले तर पत्रा ताणला जाऊन दुसरीकडे उचलतो, म्हणून सगळ्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरावे लागते. काचेवर पॉलिश पेपर पसरून, त्यावर कड घासून, कोठे चकाकी येते आणि कोठे येत नाही ते पाहत संध्याकाळपर्यंत काम चालले. अखेरीस पट्टीखाली गेजचे सर्वांत पातळ पान तेवढे कुठेकुठे शिरत होते. कॉर्क एवढा फरक सहज सामावून घेते.

२ फेब्रुवारी, रविवार

इंजिनाच्या बाजूची कड प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून आणि पेट्रोलच्या फडक्याने पुसून कोरडी केली. वरून तेल ठिबकत असते, म्हणून पुसल्यावर अर्धा तास थांबून पुन्हा पुसले. बोल्टांच्या भोकांतून टॅप (आटे पाडायचे हत्यार) हाताने फिरवला. आट्यांत सिलिकॉन भरलेले होते आणि अशा भोकात टॉर्क पाना खोटे माप दाखवतो.

अर्धगोल पट्ट्या आधी बसवल्या, त्यांची टोके कडेच्या दीडेक मिलिमीटर वर राहू दिली. चेंबर आवळल्यावर ती दबून बाजूच्या पॅकिंगशी घट्ट मिळतात. पट्ट्या आणि बाजूचे पॅकिंग जेथे भेटतात त्या चार कोपऱ्यांत, आणि फक्त तेथेच, घट्ट न होणाऱ्या लेपाचा मुगाएवढा ठिपका दिला. बाकी पॅकिंग कोरडे. ते जागेवर राहावे म्हणून बोल्टांच्या भोकांतून बारीक सुती दोरा ओवून चेंबरला बांधले आणि बोल्ट लागत गेले तसतसा दोरा कापून काढला.

सर्व बोल्ट हाताने लावून घेतल्याशिवाय एकही आवळला नाही. मग मध्यापासून टोकांकडे, एकदा डावा तर एकदा उजवा, असे तीन फेऱ्यांत ६ पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ८ न्यूटन-मीटर, एवढ्यावर आणले. मदतीला आलेल्या माझ्या पुतण्याला हे फारच सैल वाटले. ‘काका, अजून अर्धा फेरा फिरेल की,’ असे तो म्हणाला. फिरेल, यात संशय नाही. म्हणूनच टॉर्क पाना लागतो. कॉर्क दबून दोन्ही पृष्ठभागांना भरून काढते तेवढाच दाब त्याला हवा असतो. त्यापुढे ते चिरडते आणि त्याची परत उसळण्याची ताकद जाते.

ड्रेन प्लगला नवा तांब्याचा वॉशर. तेल २०डब्ल्यू-५० दर्जाचे, मिनरल. आजच्या गाड्यांचे ५डब्ल्यू-३० तेल या इंजिनात घालू नये. पन्नास वर्षांपूर्वीच्या बेअरिंगांमधल्या मोकळ्या जागेसाठी ते फार पातळ आहे आणि गळती वाढवते. शिवाय याचे टॅपेट सपाट तळाचे आहेत, त्यांना तेलातल्या जस्त-फॉस्फरसच्या संयुगाचे संरक्षण लागते.

९ फेब्रुवारी, रविवार

इंजिन दोन-तीन दिवस तापले-निवले. थंड इंजिनावर सर्व बोल्ट पुन्हा तपासले. बहुतेक बोल्ट थोडे फिरले, कारण कॉर्क पहिल्या काही दिवसांत बसते. ६ पाउंड-फुटांवर आणून थांबलो. टॅपेटच्या झाकणांचे बोल्ट जागेवर होते.

२ मार्च, रविवार

पनवेलमार्गे खोपोलीपर्यंत जाऊन आलो. उन्हे तापू लागली आहेत, येताना वाशीच्या पुलाच्या अलीकडे बराच वेळ रांगेत उभे राहावे लागले, म्हणजे इंजिनाची परीक्षा चांगलीच झाली. घरी आल्यावर चेंबरच्या कडेवरून कोरडे पांढरे फडके पूर्ण फिरवले, मागच्या कोपऱ्यांत बोटाने दाबून पुसले. त्यावर धूळ आली, तेल आले नाही.

पुठ्ठ्यावर सकाळी बेल हाउसिंगखाली एक थेंब होता. ही ती तिसरी वाट. या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याला, मागच्या टोकाला रबरी सील नाही. तेथे आट्यांसारखी चक्राकार खाच कोरलेली आहे आणि शाफ्ट फिरत असताना ती बाहेर येऊ पाहणारे तेल परत आत ओढते. इंजिन थांबले की खाचेत राहिलेले थोडे तेल खाली उतरते. ब्रीदर मोकळा केल्यापासून तेही कमी झाले आहे. एवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवणे योग्य नाही. क्लचप्लेट बदलण्याची वेळ येईल तेव्हा मागच्या मेन बेअरिंगची झीज मोजता येईल. तोपर्यंत बेल हाउसिंगच्या तळाचे भोक चिखलाने बुजू न देणे एवढेच करायचे, कारण ते बुजले तर हाच थेंब आत साठून क्लचप्लेटवर जाईल. पुढची तपासणी पावसाळ्याआधी, मे महिन्यात, टॉर्क पाना घेऊन.